एका मीटरचं मोल

गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे आहात असं समजा. ओहोटी लागलेली, पायाखाली ओली घट्ट वाळू, समोर नुसतं पाणी. जिथे पाणी संपतं आणि आकाश सुरू होतं, त्या रेषेवर नजर ठेवा. श्वास संथ होऊ द्या. मग स्वतःलाच विचारा, ही रेषा माझ्यापासून किती दूर असेल?

मनात येणारं उत्तर बहुतेक वेळा फार मोठं असतं. खरं उत्तर आहे साडेचार किलोमीटर. तुमचे डोळे वाळूपासून साधारण १.६ मीटरवर आहेत आणि तेवढ्या उंचीवरून समुद्र तेवढाच दिसतो. पायी गेलं तर तासाभराची वाट. आता सावकाश उकिडवे बसा. डोळे ८० सेंटीमीटरवर आले, रेषा सव्वातीन किलोमीटरच्या आत आली. तुम्ही नुसते खाली बसलात आणि सव्वा किलोमीटरहून रुंद असा समुद्राचा पट्टा नजरेआड गेला. उंची निम्मी झाली, अंतर मात्र निम्मं झालं नाही. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता डोळे मिटा आणि शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. पृथ्वीच्या केंद्रापासून तुमच्या डोळ्यापर्यंत एक लांब रेघ ओढा. केंद्रापासून क्षितिजापर्यंत दुसरी. डोळ्यापासून निघालेली नजर जिथे पाण्याला जेमतेम स्पर्श करते, तिथे काटकोन होतो. पहिली रेघ दुसरीपेक्षा फक्त तुमच्या उंचीएवढी जास्त आहे. त्यातून निघतं ते असं: पृथ्वीची त्रिज्या गुणिले उंची, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे क्षितिजाचं अंतर. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी विद्वान अल्बेरूनी आजच्या पाकिस्तानी पंजाबातल्या नंदना किल्ल्यापाशी राहिला होता. त्याने हेच गणित उलट्या बाजूने केलं. जवळच्या डोंगराची उंची मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला, तो आला सुमारे ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या निम्म्याहून थोडा जास्त. एवढ्याशा झुकावातून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याच्या हातात उंची होती, त्याला पृथ्वी हवी होती. आपल्या हातात पृथ्वी आहे, आपल्याला उंची हवी आहे. रडारचा अँटेना किती उंच लावायचा, हा आपला प्रश्न.

रडारच्या लहरी नजरेपेक्षा थोड्या पुढे जातात. वर जावं तशी हवा विरळ होते, म्हणून आडव्या निघालेल्या लहरी किंचित जमिनीकडे वाकतात, वळणाऱ्या पृथ्वीबरोबर थोडं वळून घेतात. वाकडी रेघ मोजणं कठीण. म्हणून अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती केली: लहर सरळच आहे असं धरायचं आणि पृथ्वी एक तृतीयांशाने मोठी मानायची. ६,३७१ किलोमीटरची त्रिज्या सुमारे ८,५०० होते आणि गणित पुन्हा सोपं होतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या, त्याला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. १ मीटरला ४.१ किलोमीटर. ४ मीटरला ८.२. ९ मीटरला १२.४. अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट, तिप्पट हवं तर नऊपट. हे आकडे एकदा ओठांनी पुटपुटून पाहा.

मग समोरची वस्तू मनात आणा. तिलाही उंची आहे. अँटेनापासून निघालेली लहर क्षितिजाला स्पर्श करून पुढे जाते, आणि त्या रेषेपलीकडे बुडालेल्या जहाजाची वरची टोकं तिला अजून लागतात. म्हणून दोन्ही उंचींची वर्गमुळं वेगवेगळी काढायची आणि मिळवायची. दिसणं ही पाहणाऱ्याची एकट्याची कमाई नाही, हे इथे आकड्यांत उतरतं.

एक हिशेब सावकाश करू. पाण्यावर जेमतेम १ मीटर उठून दिसणारी होडी २५ किलोमीटरवर टिपायची आहे. २५ ला ४.१२ ने भागलं, आले ६.०७. त्यातला १ होडीचा. उरले ५.०७, त्याचा वर्ग सुमारे २६. अँटेना पाण्यापासून २६ मीटरवर हवा. तीच होडी ५० किलोमीटरवर हवी असेल तर? १२.१४ वजा १, त्याचा वर्ग १२४ मीटर. अंतर दुप्पट, उंची जवळजवळ पाचपट. एवढा मनोरा कोण बांधणार! पण कोकणात समुद्रात घुसलेली डोंगराची नाकं आयती उभी आहेत. पूर्वी दुर्ग आणि पुढे दीपगृहं तिथे का बांधली गेली, हे सांगायला सूत्राची गरज नाही.

उंची मोजायची ती मनोऱ्याच्या पायापासून नव्हे, पाण्यापासून अँटेनाच्या मध्यापर्यंत. आणि पाणी कुठे स्थिर असतं? मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. २६ मीटरवरचा अँटेना ओहोटीला २८ मीटरवर असल्यासारखा, भरतीला २४ मीटरवर असल्यासारखा. त्याचं क्षितिज दिवसभरात दीड किलोमीटर मागेपुढे होत राहतं, जणू समुद्राबरोबर श्वास घेतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरापाशी किनाऱ्याला लागले. पाण्याला चिकटून चालणारी, हवेने फुगवलेली होडी. तिला उंची नाही, आणि लहर परतवणारं धातूचं अंगही जवळपास नाही. त्या रात्रीनंतर देशाच्या किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रं, त्यांतली बरीच दीपगृहांवर. जिथून पूर्वी दिवा लांबवर दिसावा म्हणून उंची शोधली होती, तिथूनच आता पाहायचं होतं. हे वाचताना क्षणभर थांबा. त्या रात्री गेलेल्यांची आठवण ठेवून मग पुढे चला.

उंची पुरेशी असली की सगळं दिसतं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘चेन होम’ रडारांचे प्रक्षेपक मनोरे ३६० फूट, म्हणजे ११० मीटर उंच होते. तरी खालून उडणारी विमानं त्यांच्या हातून निसटत. कारण सरळ आलेली लहर आणि समुद्रावरून उसळून आलेली लहर पाण्यालगत एकमेकींना खोडून काढतात, आणि लहर जितकी लांब तितका तो मुका पट्टा जाड. चेन होमच्या लहरी दहा-बारा मीटर लांबीच्या होत्या. शेवटी दीड मीटर लांबीच्या लहरींची वेगळी रडारं शेजारी उभारावी लागली. उलट त्याच महायुद्धात मुंबईतल्या एका रडारला उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले, हजार मैलांहून दूरचे! समुद्रालगतची दमट हवा आणि तिच्यावर पसरलेली कोरडी, गरम हवा, या दोहोंमुळे लहरी नळीत अडकल्यासारख्या वाहत गेल्या. सूत्र सांगतं ते नेहमीच्या हवेपुरतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सूत्राइतकीच त्याची हद्दही माहीत असावी लागते.

आता पुन्हा वाळूवर या. सुरुवातीला मनात धरून ठेवलेली गोष्ट बाहेर काढा. एका मोठ्या जहाजाचा अँटेना २४ मीटरवर आहे. तो आणखी एक मीटर उचलला तर पल्ला किती वाढेल? सुमारे ४०० मीटर. तोच एक मीटर पाण्याशी सपाट असलेल्या होडीला दिला, तर ती ४ किलोमीटर आधी दिसू लागेल. मीटर तोच, पण खालच्याच्या हातात तो दहापट मोलाचा. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पुनःपुन्हा तपासून पाहिला. चूक नव्हती.

लाकडाची किंवा फायबरची होडी रडारला फार फिकी दिसते. पावसाळ्याच्या तोंडाला दोन-दोन मीटरच्या लाटा उठतात तेव्हा ती लाटांच्या गर्दीत हरवूनच जाते, आणि रात्री मोठं जहाज तिच्या अंगावर येऊ शकतं. एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या धातूच्या तीन पत्र्यांचा परावर्तक जवळजवळ कुठूनही आलेली लहर आल्या वाटेने परत पाठवतो. तो डोलकाठीवर चार मीटरवर चढवला, की २५ मीटरवर अँटेना असलेल्या जहाजाला त्याची खूण २८ किलोमीटरहून दूर असतानाच मिळू शकते. तुमच्या ओळखीचा कोणी नाखवा किंवा तांडेल लहान होडी घेऊन रात्रीचा समुद्रात जात असेल, तर पुढच्या भेटीत त्याला विचारा: काठीवर परावर्तक आहे का? नसेल तर दर्यावर जाण्याआधी तो बांधायला लावा, आणि जमेल तितका उंच बांधायला सांगा.