आडवी आलेली

लहानपणी मी हट्ट केला की आजी म्हणायची, "आडवीच आलीय, आडवीच वागणार." ते अगदी शब्दशः खरं होतं. १९७१ च्या पावसाळ्यात, इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या आमच्या गावात आई जुळ्यांची बाळंत झाली. थोरली डोक्यानं सरळ आली, मी मात्र पोटात आडवी. काळ्या रानातल्या वाटेवर गुडघाभर चिखल. बैलगाडीनं बारामती गाठायची म्हणजे आख्खा दिवस. सुईणआजीनं हाताला तेल लावलं, हात आत घातला, माझे पाय चाचपून धरले आणि मला ओढून काढलं. म्हणून मी पायाळू. कंबर धरलेली माणसं पुढं माझ्याकडून लाथ मारून घ्यायला यायची. सुईणआजीच्या हाताला यश आहे, याचा पुरावा म्हणून गाव मलाच दाखवायचं.

मी दहावीत असताना तिला नागपंचमीची दिंडं द्यायला गेले होते. सहज विचारलं, "तुम्हाला भ्या नाही वाटलं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरी, तुझ्या आईचं केलं तेच मी आदी येकीचं केलं हुतं. हात ह्योच, त्याल बी तेच. ती न्हाई वाचली, आन् लेकरू बी न्हाई."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. कृती तीच, हात तोच. एकीच्या वेळी ते कौशल्य ठरलं, दुसरीच्या वेळी नशीब. मग बरोबर-चूक ठरवायचं कशावरून? फळावरून?

दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या सुनेला जुळं राहिलं. दिवस भरत आले तेव्हा बारामतीत सोनोग्राफी झाली. पहिलं बाळ डोकं खाली, दुसरं आडवं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पहिलं सरळ असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. ते बाहेर आलं की आत जागा होते. दुसरं कधी आपणच वळतं, कधी पोटावरून वळवावं लागतं, कधी आत हात घालून पाय धरून काढावं लागतं. पण ते काम सरावलेल्या हाताचं. शिवाय बाळाचे ठोके सतत बघायला हवेत, भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर तयार हवं. २०१३ साली अनेक देशांतल्या सुमारे २,८०० जुळ्यांच्या आयांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांचं पहिलं बाळ डोकं खाली असलेलं होतं. आधीपासून सिझेरियन ठरवल्यानं बाळांचा धोका कमी झाला नाही, असं त्यात दिसलं. मात्र नॉर्मल ठरवलेल्यांपैकी जवळजवळ ४४ टक्के बायकांना शेवटी सिझेरियन लागलंच.

थोरली लगेच म्हणाली, "नॉर्मलच करा. आपण नाही का जन्मलो? आपल्याला तर नुसती सुईण होती."

मी तिला बाहेर नेलं आणि इतकी वर्षं मनात ठेवलेली ती गोष्ट सांगितली. म्हटलं, "आपण दोघी जगलो म्हणून आपली गोष्ट सांगायला आपण आहोत. त्या बाईची गोष्ट सांगायला कोण राहिलं? आणि सुईणआजीपुढं दुसरी वाटच नव्हती. आपल्यापुढं आहे. तिचं धाडस उसनं आणून सुनेच्या जिवावर कसं लावायचं?"

डॉक्टरीणबाईंनी शेवटी सुनेलाच विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "प्रयत्न करू. पण माझं बाळ अडचणीत आलं तर मला विचारत बसू नका, सरळ आत घ्या."

तसंच झालं. पहिली मुलगी नीट झाली. दुसऱ्याचे ठोके पडायला लागले आणि तिला थिएटरात नेलं. मुलगाही सुखरूप. थोरली हळहळली, "दोन्ही त्रास पोरीच्याच वाट्याला. आधीच पोट फाडलं असतं तर?"

मला तसं वाटत नाही. निर्णय घेताना काय ठाऊक होतं, परतीची वाट ठेवली होती का, आणि जिचा जीव टांगणीला होता तिला विचारलं होतं का, यावर तो तोलायचा. त्या तराजूत सुनेचा निर्णय चोख उतरतो. सुईणआजीचाही उतरतो, दोन्ही वेळा.

पण त्या दुसऱ्या बाईचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. आता सांगायला सुईणआजीही नाही.