उपकाराचे ऋण आणि सत्याचे देणे

जुलै महिना सरत आला की आमच्या घाटकोपरच्या धर्मग्रामात एक दृश्य हमखास दिसते. रविवारची मिस्सा आटोपल्यावर एखादे कुटुंब धर्मगुरूंपुढे उभे राहते, परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाच्या अथवा मुलीच्या मस्तकावर आशीर्वादाचा हात ठेवला जातो, आणि घरी गेल्यावर बॅगेचे वजन पुन्हा एकदा केले जाते. लोणच्याची बरणी, प्रेशर कुकर, आजीची जपमाळ हे सारे त्यात बसविताना आईवडील एक शिदोरी तोंडीही देतात : "तिथे कुणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस." हा उपदेश योग्य आहे काय, असा प्रश्न मध्यंतरी आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर आम्ही प्रथम चुकीचे दिले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमच्या परिचयातील एक मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात टीचिंग असिस्टंट म्हणून रुजू झाली. आठवड्याला वीस तास काम. पदवीच्या विद्यार्थ्यांचे गणिताचे वर्ग घ्यावयाचे, त्यांचे गृहपाठ तपासावयाचे, आणि त्याबदल्यात शुल्कमाफी व विद्यावेतन. पहिले काही आठवडे खोली, बँक, बसचे मार्ग आणि थंडी यांच्याशी झुंजण्यात गेले. तिचे इंग्रजी विद्यार्थ्यांना उमगेना, त्यांचे तिला. मग ती प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहू लागली. अशात एका रात्री तीन उत्तरपत्रिकांत एकाच ओळीवर एकच विचित्र चूक तिला आढळली. नक्कल उघड होती. पण सत्राच्या अखेरीस हेच विद्यार्थी तिच्या शिकवण्याविषयी अभिप्राय लिहिणार होते आणि पुढील वर्षीचे विद्यावेतन तिला अद्याप मिळावयाचे होते. तिने घरी फोन केला. वडील म्हणाले, "बाळ, आपण परक्या देशात आहोत. डोळेझाक कर." आम्ही त्या वेळी तिथेच बसलो होतो. आम्हीही मान डोलावली.

वडिलांचा हा सल्ला भित्रेपणातून आलेला नव्हता. ते वसईहून घाटकोपरला आले तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होते. भाडेकरूने आवाज चढवू नये, नळावरच्या भांडणात बोलू नये, हे ते तिथे शिकले. आपले उपनगर अशा बाहेरून आलेल्या माणसांचेच आहे. स्टेशनाजवळच्या पेढ्यांपासून असल्फ्याच्या डोंगरावर चढलेल्या घरांपर्यंत जो तो कुठून तरी आलेला आणि सुरुवातीला दबून राहिलेला. शिवाय मुलीच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज होतेच. तेव्हा त्या सल्ल्यात माया होती, अनुभव होता. नव्हते ते एवढेच, की मुलगी तिथे केवळ आश्रयाला गेलेली नाही, ती शिकवावयास गेली आहे, याचे भान.

पुढे काही दिवस आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण येत राहिली. १८८३ साली 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नावर त्या इंग्लंडला गेल्या. विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, आणि श्रवणशक्ती क्षीण. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठाने त्यांना आसरा दिला. तिथे त्यांनी भगिनींना मराठी शिकविले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्या टीचिंग असिस्टंटच होत्या.

त्यांच्यावर उपकारांचे ओझे होते, आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. तरीही आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपला सदसद्विवेक दुसऱ्याच्या हाती सोपविण्यास त्यांनी स्पष्ट शब्दांत नकार दिला. हे सारे त्यांनी ज्यांना पत्रांतून लिहिले त्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या 'आजीबाई' म्हणत. वाद झाला, नाते तुटले नाही. ती पत्रे जपून ठेवली, तीही सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली, मोकळा केला, हेही इथे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी की नाही? अवश्य पाळावी. पोशाख, बोलीचा हेल, वेळेची शिस्त, भेटण्याची पद्धत यांत नमते घेणे हा शिष्टाचार आहे, कित्येकदा ते प्रेमही असते. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्याला आले, तेव्हा त्यांनी आपली भाषा आपल्यावर लादली नाही. आपली भाषा ते शिकले, आणि मग तिच्यातच 'ख्रिस्तपुराण' रचले. परंतु रीत आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले, त्यात घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित पाहा व त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा उपदेश आहे. नगराचे हित पाहावयाचे तर कधी तरी त्याला न आवडणारे सांगावेच लागते. कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मुलांना नकलेवर उत्तीर्ण होऊ देणे, ही त्याची फसवणूकच होय.

आम्ही हे त्या वडिलांशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "तुला जे खरे वाटते ते कर. विद्यावेतन गेले तर कर्जाचे मी पाहीन. घर इथेच आहे." मुलीने त्या तिघांना बोलावून तेच उदाहरण फळ्यावर सोडवावयास सांगितले. कोणालाच ते सुटले नाही. तिने ते त्यांना समजावून दिले आणि झाला प्रकार प्राध्यापकांच्या कानांवर घातला. एक विद्यार्थी अजूनही तिच्याशी बोलत नाही. दुसरा दर आठवड्याला शंका घेऊन येतो. विद्यावेतनाचा निर्णय तेव्हा झाला नव्हता, आणि तो काय झाला यावर तिच्या कृतीचे मोल ठरतही नाही.

आईवडिलांनो, परदेशी गेलेले आपले मूल बहुधा यजमानांच्या धाकाने खोटे वागत नाही. ते आपल्या चिंतेच्या धाकाने वागते. घरचे कर्ज, घरची आशा आणि घरची अब्रू त्याच्या जिभेवर बसलेली असते. ते ओझे उतरविणे केवळ आपल्याच हाती आहे. म्हणून पुढच्या वेळी बॅग भरताना लोणच्याची बरणी जरूर ठेवावी, जपमाळही ठेवावी. आणि सोबत हे एक वाक्य द्यावे, की खरे वागून हरलास तरी दार उघडे आहे. एवढी शिदोरी ज्याच्यापाशी आहे, त्याला कोणतेही नगर फार काळ परके राहत नाही.