बदल्यात काय ठेवलं?

आजचे वाचन: मत्तय 13:44



सध्या मी ताईकडे इंग्लंडला आलोय. रविवारी उपासनेनंतर आठ वर्षांचा भाचा मागे लागला, "मामा, खजिना शोधायला चल ना!"

खजिना म्हणजे जिओकॅश. कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देतं आणि बाकीच्यांनी तो जीपीएसवर शोधायचा. 2000 साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ आता जगभर चालतो. इंग्लंडमध्ये तर गावोगावच्या जुन्या चर्चजवळ असे डबे असतात, मुलांनाही सापडतील असे.

आम्ही नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी, सेंट जेम्स चर्चपाशी गेलो. फोनने आणून सोडलं खरं, पण शेवटचे चार-पाच मीटर त्याचा काही उपयोग नसतो. तिथे वाकून, हाताने चाचपूनच बघावं लागतं. भाच्याने झाडाच्या बुंध्यामागून डबा काढला. आत रबरी डायनासोर, गोट्या, पेन्सिलीचा तुकडा आणि नावं लिहायची छोटी वही.

त्याने डायनासोर घेतला. ताई म्हणाली, "घेशील त्याच तोलाचं, नाहीतर त्याहून चांगलं ठेवायचं, असा नियम आहे." पठ्ठ्याने खिशातून चाक तुटलेली मोटार काढली. "ही ठेवतो. मला नकोच होती."

आम्ही हसलो. पण ते वाक्य मला लागलं.

खरं सांगू? बाबा गेल्यापासून मी शास्त्र उघडतो ते फक्त इथे लिहिण्यासाठी. तुमच्यासाठी वचन शोधतो, स्वतःसाठी नाही. दिवसभराचा उत्साह ऑफिसला, मित्रांना, मोबाईलला देतो. रात्री उरलेली, डोळे मिटत आलेली दहा मिनिटं देवाला. नकोच असलेली मोटार!

आणि मी उभा कुठे होतो? विल्यम केरींच्या गावात. 1761 साली ते इथेच जन्मले. वडील गावच्या शाळेत शिकवायचे आणि चर्चचे कारकून होते. मुलगा मात्र जोडे शिवायला शिकला. 1793 मध्ये केरी बंगालला निघाले ते परत कधीच आले नाहीत. 1811 साली सेरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला तो त्यांच्याच कामातून. पुढच्याच वर्षी छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं, टाइप, कागद, किती तरी जळालं. ते पुन्हा कामाला लागले.

आजच्या दाखल्यातल्या माणसाला शेतात खजिना सापडतो, तो पुन्हा लपवतो आणि असेल-नसेल ते विकून शेत विकत घेतो. ही तोलामोलाची अदलाबदल नाही. जवळचं सगळंच गेलंय, तरी तो रडत नाही, कारण आपल्याला काय मिळालंय हे त्याला कळलंय. आधी आनंद, मग देणं.

मी उलटं करत होतो. आनंद नाही म्हणून देत नव्हतो, आणि खजिन्याकडे बघतच नव्हतो म्हणून आनंद नव्हता. प्रियांनो, वचन ॲपमध्ये आहे, स्टेटसवर आहे. तिथपर्यंत फोन नेतो. शेवटचे चार-पाच मीटर मात्र गुडघे टेकूनच जावं लागतं.

भाच्याने थोडा वेळ विचार केला. मग दुसऱ्या खिशातली नवी कोरी निळी मोटार डब्यात ठेवली, वहीत वेड्यावाकड्या मराठीत नाव लिहिलं आणि डबा होता तसाच ठेवला, पुढच्या कुणासाठी. त्या रात्री मी बाबांचं पवित्र शास्त्र उघडलं. लिहिण्यासाठी नाही.

आज करून पाहा: दिवसातली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं कोणती? ती प्रभूला द्या. उरलेली नव्हे.

प्रार्थना: प्रभू येशू, नको असलेलंच तुला देत आलो, क्षमा कर. तूच माझा खजिना आहेस हे मला पुन्हा दिसू दे. आमेन.