साक्ष की वकिली?

सकाळी फिरायला निघालो की वाटेत भडकल दरवाजा लागतो. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ च्या सुमारास बांधला. आता भोवती रिक्षांचा गलका असतो. जवळच्या चहाच्या गाडीवर बसून कमानीकडे पाहत राहण्याची आम्हाला जुनी सवय आहे.

२०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यानंतर मोहल्ल्यातला एक कॉलेजचा मुलगा घरी आला. "चाचा, वक्तृत्व स्पर्धेत बोलायचंय. आपल्यातली चांगली नावं सांगा." आम्ही उत्साहाने मलिक अंबरपासून सुरुवात केली. हबशी मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोर निजामशाहीचा कर्ताकरविता होतो, गनिमी काव्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणतो, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवतो. १६१० मध्ये खडकी वसवतो आणि खापराच्या नळांनी जमिनीखालून शहरात पाणी आणतो. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढतात. मुलगा भराभर लिहून घेत होता.

रात्री झोप लागेना. एक गोष्ट आम्ही गाळली होती. ज्या मुर्तझा निजामशहाला अंबरने स्वतः गादीवर बसवले, त्यालाच १६१० मध्ये त्याने विष घालून मारवले, असे इतिहासकार सांगतात. आम्हाला ते चांगले ठाऊक होते. तरी जीभ अडली.

का अडली, हे उघड आहे. इतिहासाचा विषय निघाला की मुसलमानाला पिंजऱ्यात उभे केले जाते. औरंगजेबाचा जाब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारला जातो. मग आपण वकील होतो, नेक माणसांची यादी घेऊन धावतो. यादी खोटी नसते. पण अशिलाला अडचणीचा ठरेल असा कागद वकील आपणहून पुढे करीत नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्याचे काम तर तिथूनच सुरू होते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध गेली तरी द्यावी, असा हुकूम आहे. इब्न खल्दूनने १३७७ साली मुकद्दिमा लिहिताना इतिहासात खोटे का शिरते याची कारणे दिली, त्यात पक्षपात अगदी आरंभीच येतो. हदीस गोळा करणारे तर रावी नेक आहे एवढ्यावर समाधान मानत नसत, त्याची स्मरणशक्तीही पारखून घेत. अशा घरातले आम्ही, आणि एका वक्तृत्व स्पर्धेसाठी कागद लपवून बसलो!

नावांचेच पाहा ना. अंबरच्या मागे त्याच्या मुलाने, फतेहखानाने खडकीचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले. बापलेकांची दोन्ही नावे पुसली गेली. ते पुसणे आपल्याला कधी खुपले नाही. आजचे दुःख त्याने खोटे ठरत नाही, पण त्या दुःखात इतिहास किती आणि सध्याची असुरक्षितता किती, हे आपले आपल्याला माहीत असावे.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून गाळलेली गोष्ट सांगितली. त्याने वही मिटली. "चाचा, हे मी स्टेजवर बोललो तर टाळ्या पडतील, पण माझ्यासाठी नाही, माझ्याविरुद्ध. तुम्ही लेख लिहून मोकळे व्हाल. ऐकून मी घेणार." त्याचे बोलणे खोडून काढता येईना. साक्षीदाराला निदान निवाडा करणारा तरी धड मिळावा लागतो, आणि तो त्याला मिळेल याची हमी आम्ही कोणत्या तोंडाने देणार होतो?

एवढेच म्हणालो, "तिथं सांगायचं की नाही ते तू ठरव, बेटा. पण तुला माहीत आहे, हे तुला माहीत असू दे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग वही उघडून त्याने शेवटच्या पानावर पेन्सिलीने ती ओळ लिहिली आणि इसवी सन पुन्हा एकदा विचारून घेतला. स्पर्धेत तो काय बोलला, हे आम्ही अजून विचारलेले नाही.