तोच नाद, की तसाच नाद?

‘लॉसलेस’ म्हणजे वाटेत काहीही न गमावलेला ध्वनी. टायडलने २०१४ मध्ये आणि अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये असा ध्वनी इंटरनेटवरून ऐकवायला सुरुवात केली. या शब्दात तंत्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही दावा आहे: मुद्रणात जे होते, तेच श्रोत्याच्या कानी पडते. हे ‘तेच’ म्हणजे नेमके काय, यावर भारतीय दर्शनांतले मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालत आले, आणि तोही ध्वनीच्याच निमित्ताने. दर्शनांच्या परिभाषेत ‘शब्द’ म्हणजे कानाने कळणारे सगळेच.

सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात प्रत्येक वाहिनीच्या ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. डावी-उजवी मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेली फ्लॅक ही पद्धत हा भार पुष्कळदा निम्म्यावर किंवा दोन तृतीयांशावर आणते. मागच्या मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक लिहून ठेवायचा, ही तिची युक्ती. ऐकणाऱ्याच्या यंत्रात तोच अंदाज पुन्हा बांधला जातो, त्यात फरक मिळवला जातो आणि मूळ संख्या जशाच्या तशा हाती येतात. तानपुऱ्याच्या संथ झंकाराचा अंदाज सहज बांधता येतो. झांजांचा खणखणाट मात्र अंदाजाला दाद देत नाही, म्हणून त्याची फाइल मोठी होते. मूळ संख्यांवरून काढलेली १२८ बिटांची खूणही फाइलीत ठेवता येते, म्हणजे एका बिटाचा फरक पडला तरी तो पकडता येतो.

या खुणेला एक जुना आप्त आहे. वेदपाठी पदांचे क्रम उलटसुलट गुंफून म्हणतात. घनपाठात पहिली तीन पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी येतात. पद गळले किंवा स्वर ढळला, तर ते इतक्या फेऱ्यांत लपून राहू शकत नाही. कागदाचा आधार न घेता मजकूर अक्षत ठेवण्याची ही व्यवस्था मानवी बुद्धीच्या थोर निर्मितींपैकी एक मानली पाहिजे.

याच वेदाच्या रक्षणासाठी मीमांसकांनी शब्द नित्य ठरवला. त्यांच्या मते वर्ण उच्चाराने जन्मत नाही, तो केवळ प्रकट होतो. ‘गो’ हा शब्द कोणी आठ वेळा उच्चारला, तर एकच शब्द आठदा उच्चारला असे लोक म्हणतात. आठ शब्द झाले असे म्हणत नाहीत. ‘हा तोच’ या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. शब्द उत्पन्न होतो आणि विरतो, म्हणून तो अनित्य. पाण्यात एका लाटेने दुसरी उठवावी, तसा पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देऊन नष्ट होतो, दुसरा तिसऱ्याला. कानाशी पोचतो तो या परंपरेतला शेवटचा. याला वीचीतरंगन्याय म्हणतात.

इंटरनेटवरचा प्रवास हुबेहूब या न्यायाने चालतो. गाण्याची पॅकेटे होतात. प्रत्येक राउटर आलेले पॅकेट साठवतो, त्याची प्रत पुढे धाडतो आणि आपल्याजवळची पुसतो. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते. सर्व्हरवरून निघालेला एकही विद्युत्संकेत श्रोत्यापर्यंत येत नाही; येतात त्याचे वंशज. तरीही संख्या जुळतात आणि ‘फाइल तीच’ असे निःशंकपणे म्हणता येते. वाट नैयायिकांची, ओळख मीमांसकांची.

पण ही ओळख संख्यांची आहे, नादाची नाही. वर्ण तोच ठरवताना मीमांसक उच्चारणाऱ्याचा आवाज, गती, चढउतार बाजूला काढतात. ते सारे व्यंजक, म्हणजे वर्ण प्रकट करणाऱ्या, ध्वनीचे गुण, वर्णाचे नव्हेत. मंत्राला हे पुरते. संगीताचे मात्र सर्वस्वच या बाजूला काढलेल्या गोष्टींत असते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने ज्याला आहत नाद म्हटले, तो आघाताने जन्मतो. स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा आघात नवा, खोली नवी आणि हवाही नवी असते. नादापुरता विजय नैयायिकांचा मानावा लागतो: इथे ‘तोच’ नसतो, ‘तसाच’ असतो, आणि किती तसा हे उपकरणावर ठरते. ब्लूटूथच्या बहुतेक हेडफोनांत तर शेवटच्या काही हातांच्या अंतरासाठी ध्वनी पुन्हा काटछाट करून पाठवला जातो.

‘काहीही न गमावलेला’ या शब्दांची हद्द संख्या लिहिल्या गेल्या त्या क्षणापासून सुरू होते. सूरश्री केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी फ्लॅकमध्ये उतरवली, तर सुईची खरखर कणाकणाने जपली जाईल. तबकडीने मुळात न धरलेला त्यांच्या आवाजाचा भाग मात्र कोणतीही पद्धत परत आणणार नाही. तीनेक मिनिटांच्या बाजूत न मावलेल्या रागविस्ताराचेही तेच.

एमपी३ची गोष्ट उलटी आहे. मोठ्या स्वराच्या आड जवळचा क्षीण स्वर कानाला कळत नाही. असे न कळणारे अंश ही पद्धत हेरते आणि त्यांची नोंद ढोबळ करते किंवा गाळते. बिट पुरेसे दिले, तर कोणती फाइल वाजते आहे हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत बहुतेकांना फरक ओळखता येत नाही. मग गमावले तरी काय? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे न जाणवण्याला, अभावाचे प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही; अंधारात न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. झाकलेला स्वर त्या क्षणी अंधारातला घट असतो. तो न ऐकू येणे एवढेच सांगते की ते ऐकणे, त्या कानाने आणि त्या उपकरणावर, उणे झाले नाही. स्वर तिथे नव्हता, किंवा दुसऱ्या कानाला, दुसऱ्या खोलीत, तीच फाइल पुन्हा काटछाट होऊन आल्यावर तो उणा भासणार नाही, असे त्यावरून ठरत नाही.