नुकसान कोणाचें आणि भरपाई कोणाची?

सरकारी तिजोरींतून जें मिळतें तें घेण्यांत दोष नाहीं, असें आपण सहज म्हणतों. आणि तें कायद्यानें दिलेलें असेल तर म्हणणें खरेंही आहे. परंतु कायद्यानें जें माझें ठरलें तें न्यायानेंही माझेंच असतें काय, हा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेंतील सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यांवर कांहीं वर्षांपूर्वीं जो प्रसंग आला, त्यावरून तो चांगला समजेल.

सन २०१८ मध्यें अमेरिकेनें चिनी मालावर जकात बसविली, व तिला उत्तर म्हणून जुलै महिन्यांत चीननें अमेरिकेच्या सोयाबीनवर शेंकडा २५ जकात बसविली. चीन हेंच त्या मालाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक. तेव्हां भाव घसरला. भांडण दोन सरकारांचें आणि घाव मात्र शेतकऱ्याच्या पाठीवर! म्हणून तेथील सरकारनें भरपाई देऊं केली. पहिल्या वर्षीं दर बुशेलास, म्हणजे सुमारें २७ किलो दाण्यांस, १ डॉलर ६५ सेंट असा दर होता. आणि जितकें पीक हातीं आलें तितक्यावरच तो मिळे. अर्थात् ज्याचें पीक भरघोस त्यास रक्कम मोठी, व ज्याचें पीक अतिवृष्टीनें किंवा अवर्षणानें गेलें त्यास थोडी.

सन २०१९ मध्यें ही रीत बदलली. प्रत्येक कौंटीस, म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारख्या विभागास, एक दर नेमून दिला. तो कोठें एकरीं १५ डॉलर, तर कोठें १५० डॉलरांपर्यंत होता. आतां दोन कौंट्यांच्या शिवेवर उभे राहून पाहा. अलीकडे व पलीकडे माती एक, पाऊस एक, बाजार एक. तरी शिवेमुळें दर निराळा होऊं शके.

म्हणून कायदा अन्यायी होता काय? तसें म्हणवत नाहीं. हजारों शेतांस पैसे वांटावयाचे तर कोठें तरी माप धरावेंच लागतें. आणि कोणतेंही माप प्रत्येकाच्या दुःखाच्या लांबीरुंदीचें नसतें. अधिकाऱ्यास कागद दिसतो. शेजाऱ्याचें घर दिसतें तें आपणांस.

आपल्या महाराष्ट्रांतही असाच प्रसंग आला. सन २०२३ च्या खरिपांतील सोयाबीन व कापूस पिकविणाऱ्यांस सरकारनें सन २०२४ मध्यें हेक्टरीं ५००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, साहाय्य दिलें. तें खातेदाराच्या नांवें जमा व्हावयाचें. परंतु कित्येक शेतें बटाईनें केलेलीं असतात. बियाणें, खत व मजुरी ह्यांत बटाईदाराचाही वांटा असतो. भाव पडला तेव्हां त्याच्याही ताटांतील घास गेला. अमेरिकेंतील नियमांत, पिकांत ज्याचा जितका वांटा त्यास तितकी रक्कम, अशी सोय होती. येथें सातबाऱ्यावर ज्याचें नांव नाहीं, त्याचे हात रिकामे.

मालक म्हणेल, “जमीन माझी, शेतसारा मी भरतों, कागद माझा, मीं कोणाचें काय चोरलें?” चोरी नाहीं, हें खरें. परंतु ते पैसे जमिनीबद्दल दिलेले नव्हते, नुकसानीबद्दल दिलेले होते. मालकानें अर्धें नुकसान सोसलें असेल तर अर्धी भरपाई निःसंशय त्याची. पण ज्यानें शेत मक्त्यानें दिलें व मक्ता पुरा वसूल केला, त्याचें काय बुडालें? दुसऱ्याच्या जखमेवर बांधावयाची पट्टी आपल्या घरीं चुकून आली, तर ती पेटींत ठेवून द्यावी काय?

हा हिशेब मागावयास तलाठी येणार नाहीं. तो आपल्याच ओटीवर, बटाईदारास शेजारीं बसवून, आपणच करावयाचा आहे. कायद्याची रेघ जेथें संपते, तेथेंच शेजारधर्म सुरू होतो; आणि मनुष्याची खरी पारख त्या रेघेच्या पलीकडेच होत असते.