गळा आणि मेळा

बेसूर गाणाऱ्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता संगीतशिक्षकाच्या सोयीगैरसोयीचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला म्हणजे तो नीतीचा प्रश्न आहे असे दिसून येते. समजा, चाळीस मुलांचा मेळा एका समारंभात गावयाचा आहे, आणि त्यांतील एकाचा सूर दर वेळी किंचित खाली राहतो. समारंभ आठ दिवसांवर आला आहे. अशा वेळी मेळ्याचा चालक पुष्कळदा त्या मुलास बाजूस घेऊन हळूच सांगतो, "तू रांगेत उभा राहा, पण गाऊ नकोस, नुसते ओठ हालव."

हा तोडगा सर्वांच्याच सोयीचा आहे. गाणे बिघडत नाही, मुलाची उभे राहण्याची हौस भागते, आणि आईबापांस आपला मुलगा रंगमंचावर दिसतो. मग यात वावगे ते काय, असे कोणीही विचारील. माझ्या मते यात बरेच वावगे आहे. ते नेमके कोणते हे समजण्यासाठी, असा मेळा ज्या प्रकारच्या शाळेत उभा राहतो त्या सार्वजनिक संगीतशाळेचा हेतूच प्रथम पाहिला पाहिजे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात, चालू शतकापूर्वीच्या शतकारंभी, युरोपातून नुकत्याच आलेल्या गरीब कुटुंबांची दाट वस्ती होती. तेथील एका सेवागृहात जॅनेट सेलिग फ्रँक व ब्लांश वुल्फ या दोन तरुणींनी १९०८ साली मुलांस पियानो शिकविण्यास आरंभ केला. एका पाठाचे मोल पाच सेंट. त्यातूनच सेटलमेंट म्युझिक स्कूल ही संस्था वाढली, व ती आजही चालू आहे. योगायोग असा की, लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी मुंबईत आपले विद्यालय सुरू केले तेही १९०८ सालीच. या दोन शहरांतील माणसांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि दोन्हीकडे एकच नवी गोष्ट घडत होती. तोपर्यंत विद्या हवी असेल त्याने गुरूच्या दारी जावे, आणि गुरूने पारखून घ्यावे, ही रीत होती. आता दार उघडे ठेवून विद्याच येणाऱ्याची वाट पाहू लागली. पलुसकरांविषयी असे सांगतात की, तानसेन निर्माण करण्याची नव्हे, तर कानसेन निर्माण करण्याची आपली प्रतिज्ञा आहे, असे ते म्हणत. या एका विचारात सार्वजनिक संगीतशाळेचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे.

अशा शाळेत गाण्याचे शिक्षक दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची कामे एकमेकांच्या विरुद्ध जातात असे प्रथमदर्शनी भासते. एक शिक्षक एकेकट्याचा गळा तयार करतो. दुसरा गायकवृंदाचा नायक असतो. पाश्चात्य पद्धतीत पहिल्याचे ध्येय असे की, विद्यार्थ्याचा आवाज ध्वनिवर्धकावाचून मोठ्या वाद्यवृंदावरूनही ऐकू जावा. ध्वनिशास्त्र सांगते की, मुरलेल्या एकल गायकाच्या आवाजात दर सेकंदास सुमारे ३,००० कंपनांच्या आसपासचे उपस्वर विशेष बलवान झालेले असतात. त्या टापूत वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो आणि मनुष्याचा कान तर फार तीक्ष्ण असतो. म्हणून एक गळा साठ वाद्यांस भारी होतो. वृंदनायकास नेमके हेच नको असते. तो सांगतो, तेज कमी करा, कंप आवरा, सर्वांचा आ-कार व ई-कार एकाच घाटाचा होऊ द्या; तुमचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजात असा मिसळू द्या की कोणता कोणाचा हे कळू नये. एक म्हणतो, ओळखू ये. दुसरा म्हणतो, ओळखू येऊ नकोस.

या दोन आज्ञांमध्ये मनुष्यजीवनातील एक जुना पेच दडलेला आहे. व्यक्तीने आपले विशेषत्व वाढवावे की समाजात ते विरघळवावे, हा वाद तत्त्वज्ञांनी पुष्कळ रंगविला आहे. परंतु उत्तम वृंदाचे काम बारकाईने पाहिले म्हणजे हा वाद बराचसा शब्दांचा आहे असे वाटू लागते. वृंदात शिरल्यावर स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की मनुष्य नकळत तो चढवितो, शेजारीही चढवितो, आणि गाण्याचा कलकलाट होतो. म्हणून नायकाचा पहिला पाठ गाण्याचा नसून ऐकण्याचा असतो. दुसरा पाठ श्वासाचा. लांबलचक सूर एका दमात कोणासच पेलत नाही. तेव्हा नायक सांगतो की, शेजारी श्वास घेत असेल तेव्हा तू घेऊ नकोस. तू थांबशील तेव्हा तो गात राहील. अशा रीतीने श्रोत्यांस अखंड सूर ऐकू येतो, पण त्या सुरात प्रत्येक जण केव्हा ना केव्हा थांबलेला असतो. येथे व्यक्ती नाहीशी झाली काय? उलट, ज्याचा गळा कच्चा त्याला श्वास राखता येत नाही, आणि ज्याला श्वास राखता येत नाही त्याला तो दुसऱ्यासाठी राखून ठेवताही येत नाही. ज्याने आपला गळा ताब्यात आणला आहे तोच तो आवरूही शकतो.

वृंदगान ही आपल्याकडे केवळ परकीयांची देणगी आहे, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकरात वृंदाचा विचार केला आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांच्या दुप्पट समगायक व बारा गायिका असाव्यात, आणि त्यांच्या जोडीस बासरी व मृदंग वाजविणारे प्रत्येकी चार असावेत, असे तो म्हणतो. पुढे वृंदाचे सहा गुण तो सांगतो. मुख्य गायकास अनुसरणे, एकमेकांत मिळणे, ताल सांभाळणे हे गुण कोणासही सुचतील. पण त्यांतच त्याने एक असा गुण गणला आहे की, त्याने विचार करणारा मनुष्य क्षणभर थबकावा. तो गुण म्हणजे, एकाचे जेथे तुटेल तेथे दुसऱ्याने ते निभावून नेणे. ध्यानात घ्या, कोणाचेच कधी तुटू नये असे शार्ङ्गदेव म्हणत नाही. तुटणार, हे त्याने गृहीतच धरले आहे. आणि त्या तुटण्याचा भार उचलणे हा वृंदाचा दोष नव्हे, गुण मानला आहे.

येथे एक रास्त आक्षेप येतो. शाळा झाली म्हणून गाण्याची अप्रतिष्ठा का व्हावी? ज्या एकोणचाळीस मुलांनी महिनोन्महिने मेहनत केली, त्यांच्यावर चाळिसाव्यासाठी अन्याय का? आणि वाटेल तसे गायिलेले चालते असे एकदा ठरले, म्हणजे शिकविण्यास तरी काय उरले? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. दयेच्या नावाखाली पुष्कळदा आळसच खपविला जातो. ज्या शिक्षकास विद्यार्थ्याचा चुकलेला सूर ऐकूनही खटकत नाही, त्याने त्या विद्यार्थ्याची आशा आधीच सोडलेली असते. कलेची शिस्त आणि माणसाची माया ही दोन्ही खरी ऋणे आहेत. एक फेडण्यासाठी दुसरे बुडविता येत नाही.

फिलाडेल्फियाच्याच इतिहासात या दोन ऋणांनी दोन घरे केली. मेरी लुईझ कर्टिस बोक या धनवान बाईंनी त्या सार्वजनिक शाळेस १९१७ साली इमारत दिली. पुढे शाळेतील असामान्य विद्यार्थ्यांसाठी जो वरचा विभाग होता, त्यातून १९२४ साली कर्टिस इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. तेथे १९२८ पासून शिक्षणाची फी घेत नाहीत. परंतु प्रवेश कसून पारखलेल्या मोजक्यांनाच मिळतो. मूळ शाळा मात्र वस्तीतच राहिली, आणि येईल त्यास शिकवीत राहिली. हा विभाग झाला तो योग्यच झाला असे मला वाटते. कारण निवड करणे हे पाप नाही. जेथे निवड हाच हेतू आहे तेथे तो उघड सांगितलेला असतो, आणि नाकारलेला मनुष्य दुःखी झाला तरी फसविला जात नाही. पाप होते ते, दार उघडे आहे असे सांगून आतल्या आत दुसरे दार लावून घेण्यात.

आणि निवडीची पारखही किती आंधळी असू शकते, याचे उदाहरण त्याच शहराने दिले आहे. १८९७ साली तेथे जन्मलेली मॅरियन अँडरसन ही कृष्णवर्णीय मुलगी वयाच्या सहाव्या वर्षापासून आपल्या वस्तीतील चर्चच्या बालवृंदात गात असे. कोणी गैरहजर असला की त्याचा भाग, मग तो उंच स्वरांचा असो वा खालच्या, ती म्हणून टाकी. लहानपणीच तिचे वडील वारले, आणि गाणे शिकण्यास घरात पैसा नव्हता. पुढे ती एका संगीतशाळेत प्रवेश मागण्यास गेली, तेव्हा तिचा आवाज ऐकून घेण्यापूर्वीच, तिच्या वर्णावरून तिला परत पाठविण्यात आले. ज्यांनी तिला हात दिला ते तिच्या चर्चमधील सामान्य लोक होते. त्यांनी वर्गणी जमविली, आणि जुझेप्पे बोगेत्ती या नामांकित शिक्षकाकडे तिच्या शिक्षणाची सोय लागली. १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकापुढे ती गायिली तेव्हा सुमारे ७५,००० लोक ऐकावयास जमले होते. मेळ्याने गळा गिळून टाकला नाही. मेळ्यानेच तो वाढविला. पण या कथेचा अर्थ एवढाच घेऊ नये की, प्रत्येक नाकारलेल्या मुलात एखादी अँडरसन दडलेली असते. तसे नसते. बहुतेक मुले पुढे साधी, संसारी माणसेच होतात, आणि त्यांचा हक्क त्यांच्या भावी कीर्तीवर मुळीच अवलंबून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याला जन्मतःच सुराचे ज्ञान नाही अशी माणसे असतात खरी, पण ती थोडी. आपण बेसूर आहोत असे समजणाऱ्यांपैकी पुष्कळांचा कान शाबूत असतो. कानाने घेतलेला सूर गळ्यातून काढण्याची सवय तेवढी झालेली नसते. ही सवय लावता येते. मुलाचा गळा कोणत्या पट्टीत सहज बोलतो ते शोधावे, त्याचाच सूर आपण प्रथम धरावा, आणि मग त्याला एकेक पाऊल वर न्यावे. हे काम समारंभाच्या आठवड्यात होत नाही, आणि चाळीस जणांच्या गर्दीतही होत नाही. त्यासाठीच शाळेत तो दुसरा शिक्षक असतो. वृंदनायकास जो दोष ऐकू येतो तो गळा घडविणाऱ्याने दुरुस्त करावा, आणि त्याने घडविलेल्या गळ्यास नायकाने जागा द्यावी. म्हणजे दोघांचा विरोध मिटतो. समारंभापुरते त्या मुलास एखादी सोपी, खालची ओळ द्यावी, किंवा यंदा तुझी तयारी झाली नाही असे समोर बसवून प्रेमाने सांगावे. ते सांगणे कठोर असले तरी खरे असते, आणि खऱ्या बोलण्यात उद्याचा पाठ शिल्लक राहतो.

ओठ हालविण्याच्या आज्ञेत तो शिल्लक राहत नाही. मुलाला तेथे गाण्याऐवजी गाण्याचे सोंग शिकविले जाते. श्रोत्यांस न गाणारा गाताना दाखविला जातो. आणि मेळ्यातील इतरांस हा धडा मिळतो की, दुबळ्याचे तुटलेले निभावून नेण्यापेक्षा त्याला गप्प करणे सोपे. पुष्कळ प्रौढ माणसे 'मला गाता येत नाही' असे जन्मभर सांगत असतात, त्यांच्यापैकी कितीएकांच्या मुळाशी असाच एखादा हलक्या आवाजातला सल्ला असतो. आपल्या वारीच्या दिंडीत कोणी कोणास, तुझा सूर लागत नाही म्हणून गप्प राहा, असे म्हणत नाही. टाळांच्या गजरात तो सूर हळूहळू आपली वाट शोधतो. दिंडी ही संगीतशाळा नव्हे, आणि शाळेची दिंडी व्हावी असे मी म्हणत नाही. परंतु जी शाळा सर्वांसाठी म्हणून उघडली आहे तिने आपल्या मेळ्यात मुकी माणसे उभी करू नयेत, एवढी मागणी फार मोठी नाही.